आमदारांना मिळणाऱ्या भेटवस्तू आणि फुकटचे दौरे : कायदा कुठे बोलतो, कुठे गप्प बसतो

विधानसभेची निवडणूक लागली की जिल्हाधिकारी कार्यालयातून एक दरपत्रक निघतं. चहा, वडापाव, जेवणाची थाळी, हार, खुर्ची, मंडप, स्पीकर, गाडीचं दिवसाचं भाडं, सगळ्याचा दर त्यात ठरलेला असतो. उमेदवाराने प्रचारात कार्यकर्त्यांना चहा पाजला तरी तो या दराने त्याच्या खर्चात धरला जातो. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा, नाहीतर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

२३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सोलापूर जिल्ह्याचे ११ आमदार ठरले आणि हिशेबाची वही तिथेच मिटली. निवडून येण्याआधी चहाच्या कपाची नोंद होत होती. निवडून आल्यावर पुढची पाच वर्षं कोणी काय भेट दिली, कोणाच्या विमानातून नेलं, कोणत्या हॉटेलात उतरवलं, याची नोंद लोकांपुढे ठेवायची वेळच येत नाही. आमदाराच्या हातात खरी ताकद येते ती या पाच वर्षांत. हिशेबाची गरज तेव्हा जास्त असते.

या लेखात ती मधली जागा समजून घेऊ. लाच म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. शाल-श्रीफळ म्हणजे काय हेही कळतं. या दोन्हींच्या मध्ये महागडी घड्याळं, लग्नातले आहेर, ‘अभ्यास दौरे’, परिषदांची विमान तिकिटं आणि फार्म हाऊसवरचे मुक्काम येतात. त्यांचं काय करायचं?

देणारा कोण असतो?

ज्याचं सरकारदरबारी काम असतं, तो देणारा. सोलापूरला हे शोधायला लांब जावं लागत नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. टॉवेल आणि चादरीचे यंत्रमाग आहेत, त्यांना विजेच्या दरातली सवलत हवी असते आणि ती राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणावर ठरते. सध्याचं धोरण २०२३ ते २०२८ या काळासाठी आहे. बांधकाम व्यावसायिक आहेत, ज्यांचं लक्ष शहराच्या विकास आराखड्यावर असतं. रस्त्यांचे ठेकेदार आहेत, खासगी शिक्षणसंस्था आहेत, आणि बिडीचे कारखानदार आहेत.

या लोकांनी आमदाराकडे जाऊन आपलं म्हणणं मांडण्यात काहीही गैर नाही. यंत्रमागधारकाने वीजबिल घेऊन आमदाराच्या कार्यालयात जावंच. आमदार त्यासाठीच असतो.

पण बिडीचंच उदाहरण घ्या. बिडी कामगारांचं किमान वेतन राज्य सरकार ठरवतं. हजार बिड्यांमागे मजुरी किती, हा सोलापूरच्या हजारो घरांचा प्रश्न आहे, कारण त्या बिड्या घराघरांत बायका वळतात. या प्रश्नाला दोन बाजू आहेत. मजुरी वाढावी असं वाटणारी बाई मोर्चात चालते, जिल्हाधिकारी कार्यालयापुढे उन्हात बसते, निवेदन देते. मजुरी फार वाढू नये असं वाटणारी बाजूही निवेदन देते, शिवाय ती आमदाराला चार दिवस परदेशी नेऊ शकते. दोघांचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क सारखा आहे, पण एकाला आमदाराबरोबर विमानात शेजारी बसून सहा तास बोलता येतं आणि दुसरीला गेटवर दोन मिनिटं मिळतात. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त खटकतं ते हे. दौऱ्याचा खर्च करणाऱ्याला बहुतेक वेळा मत विकत घ्यायचंच नसतं. त्याला वेळ हवा असतो, ओळख हवी असते, ‘आपला माणूस’ व्हायचं असतं. एकदा पाहुणचार घेतला की माणूस मिंधा होतो, आणि मिंधा माणूस पुढे प्रश्न विचारताना आवाज खाली घेतो.

आमदाराच्या हातात देण्यासारखं काय असतं, असं कोणी विचारेल. कायदा करणं हा त्याचा एक भाग झाला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा ही सगळी त्याची हत्यारं आहेत. लोकलेखा समिती, अंदाज समिती अशा समित्यांवर तो असतो आणि त्या समित्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारतात. जिल्हा नियोजन समितीत तो बसतो. त्याचं एक शिफारसपत्र फाइलला पाय फोडतं. यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिसणारी गोष्ट म्हणजे न विचारलेला प्रश्न. कोणता प्रश्न विचारला हे विधिमंडळाच्या कामकाजात छापून येतं. कोणता मागे राहिला हे कुठेच येत नाही.

एकच दौरा, तीन बिलं

आता एक काल्पनिक दौरा घेऊन कायदा तपासू. युरोपात वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं. जून २०२३ मध्ये ते मिलानला झालं. समजा, सोलापूर भागातल्या दोन आमदारांना अशा प्रदर्शनाला जायचं आहे. हेतू चांगला आहे, कारण आपल्याकडचे कितीतरी माग जुने झाले आहेत. तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण मिळून खर्च काही लाखांत जाईल. तो कोण करणार?

विधिमंडळाने किंवा सरकारने केला, तर तो सरकारी दप्तरात येतो. आदेश निघतो, बिल निघतं, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सरकारी खात्यातून, गेले ते कळतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून कोणीही ते मागू शकतो. खर्च योग्य होता का यावर वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो हेच महत्त्वाचं.

यंत्र बनवणाऱ्या परदेशी कंपनीने खर्च उचलला, तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम २०१० लागू होतो. बोलीभाषेत एफसीआरए. त्याच्या कलम ६ प्रमाणे संसद किंवा विधिमंडळाचा कोणताही सदस्य परदेशात असताना केंद्र सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय परदेशी पाहुणचार घेऊ शकत नाही. पाहुणचार म्हणजे काय तेही कायद्यात लिहिलं आहे : परदेश प्रवासाचा खर्च, फुकट राहणं, जेवण, वाहन, वैद्यकीय उपचार. अगदी किरकोळ, सहज केलेला पाहुणचार तेवढा वगळला आहे. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे अर्ज पोहोचायला हवा. परदेशात अचानक आजारी पडून उपचार घ्यावे लागले तर सूट आहे, पण एका महिन्यात सरकारला कळवावं लागतं. याच कायद्याच्या कलम ३ ने आमदारांना परदेशातून पैसे किंवा वस्तू घ्यायलाही मनाई केली आहे, थोडे अपवाद सोडून.

आता तिसरं बिल. तेच प्रदर्शन, तेच हॉटेल, तेच आमदार, फक्त पैसे देणारी संस्था भारतातली आहे, म्हणजे एखादी उद्योजकांची संघटना, एखादी देशी कंपनी किंवा एखादा ट्रस्ट. एफसीआरए लागू होत नाही, कारण पैसा परदेशी नाही. आगाऊ परवानगी नाही, परतल्यावर जाहीर करायची अट नाही, कुठल्या रजिस्टरमध्ये नोंद नाही.

थोडं थांबून याचा विचार करा. परदेशी कंपनीने आमदारावर प्रभाव टाकू नये म्हणून देशाने कडक कुंपण घातलं. पण सोलापूरच्या आमदाराच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फाइली देशी, किंबहुना गावातल्याच माणसांच्या असतात. कुंपण नेमकं त्या बाजूला नाही.

आयकर खात्याचं काय?

नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात मिळून ५० हजार रुपयांपेक्षा जास्त रोख भेट मिळाली तर पूर्ण रक्कम उत्पन्न धरली जाते आणि त्यावर कर लागतो. दागिने, सोनं, शेअर, चित्रं-शिल्पं, जमीन-घर यांनाही असेच नियम आहेत. हे आमदारालाही लागू आहेत. मात्र स्वतःच्या लग्नात मिळालेला आहेर करमुक्त असतो. आणि कर लागणाऱ्या वस्तूंची यादी ठरलेली आहे, त्यात विमानाचं तिकीट किंवा हॉटेलचा मुक्काम बसत नाही. शिवाय आयकराचं विवरणपत्र गोपनीय असतं. कर भरला म्हणजे सरकारला कळलं. मतदाराला कळलं नाही.

त्याच शहरातल्या इतरांना नियम आहेत

सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम लागू असतात. पाच हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीची भेट शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. लग्नासारख्या प्रसंगी जवळच्या नातेवाइकांकडून घेतली आणि ती २५ हजारांच्या वर असेल तर शासनाला कळवावं लागतं. या नियमांत भेट म्हणजे काय ते फार शहाणपणाने लिहिलं आहे. फुकट प्रवास, राहणं, जेवण हीसुद्धा भेटच. सहज घेतलेलं एखादं जेवण किंवा वाटेत मिळालेली लिफ्ट ही भेट नाही. पण ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याचा थाटामाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळा, असंही सांगितलं आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आहेत. म्हणजे मंत्रालयातल्या लिपिकापासून तहसीलदारापर्यंत सगळे भेटवस्तूंच्या नियमात आले.

डॉक्टरांचंही तसंच. सोलापूरला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात, दवाखान्यांची मोठी पेठच आहे इथे. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये असा नियम वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की अशा भेटींवरचा खर्च औषध कंपनीला करातून वजावट म्हणून मागता येणार नाही. त्यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं : भेटीचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत घालून रुग्णाकडूनच वसूल होतो.

मंत्री झालेल्या आमदारालाही आचारसंहिता आहे. ती केंद्र आणि राज्य दोन्हीकडच्या मंत्र्यांसाठी आहे. जवळच्या नातेवाइकांशिवाय कोणाकडून मौल्यवान भेट घेऊ नये, ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध आहे त्यांच्याकडून तर मंत्र्याने किंवा त्याच्या कुटुंबाने काहीच घेऊ नये, आपल्या सन्मानार्थ होणाऱ्या भपकेबाज मेजवान्या टाळाव्यात, असं तिच्यात आहे. तिच्या पालनाची जबाबदारी राज्यात मुख्यमंत्र्यांवर आहे. हा कायदा नव्हे, ती मोडली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण निदान लिहिलेलं आहे.

राज्यसभेच्या खासदारांची संहिता मला या सगळ्यांत वापरण्याजोगी वाटते. प्रामाणिक आणि निःपक्षपाती कामात आड येईल अशी भेट सदस्याने घेऊ नये, मात्र प्रसंगाने मिळणाऱ्या साध्या भेटी, स्वस्त स्मृतिचिन्हं आणि रीतीचा पाहुणचार चालेल, असं ती म्हणते. आपल्याकडे पाहुण्याच्या खांद्यावर सोलापुरी चादर घालतात, सिद्धेश्वरांची प्रतिमा देतात. ते त्यात आरामात बसतं. राज्यसभेची आचार समिती १९९७ मध्ये स्थापन झाली, आणि सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांचं रजिस्टरही तिथे ठेवलं जातं. आपल्या विधानसभेच्या आमदारांचं असं रजिस्टर नागरिकाला उघडून पाहता येत नाही.

खासदारांनी निवडून येऊन शपथ घेतल्यावर ९० दिवसांत मालमत्तेचं विवरण सभागृहाला द्यावं असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७५-अ सांगतं. ते कलमही फक्त संसदेपुरतं आहे. आमदाराचं जे काही लोकांना कळतं ते उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातून, पाच वर्षांतून एकदा. फेब्रुवारी २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं हेही द्यावं लागतं. भेट आणि दौऱ्यासाठी त्यात रकाना नाही.

मग ही लाच का नाही?

कधी कधी असतेच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मध्ये २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यात ‘अनुचित लाभ’ अशी संज्ञा आहे आणि तो लाभ पैशातच असायला हवा असं नाही, पैशात मोजता यायला हवा असंही नाही. म्हणजे परदेश दौरा हाही लाभ ठरू शकतो. कलम ७ मध्ये तीन ते सात वर्षं कैद आहे. कलम ११ तर असं सांगतं की ज्याचं काम आपल्यापुढे आहे किंवा येणार आहे, अशा माणसाकडून मोबदला न देता लाभ घेणं हाच गुन्हा, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. दुरुस्तीनंतर देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे.

कागदावर हे भक्कम दिसतं. अडचण पुराव्याची आहे. साध्या लिपिकाच्या बाबतीत लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो, नोटांना पावडर लावतो, हात धुतले की रंग येतो. दौऱ्याला पावडर लावता येत नाही. मार्चमध्ये मिळालेलं तिकीट आणि डिसेंबरच्या अधिवेशनात न विचारलेला प्रश्न यांच्यातला धागा न्यायालयात सिद्ध कसा करणार? शिवाय खासदारावर खटला भरायचा तर अध्यक्षांची किंवा सभापतींची परवानगी घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगून ठेवलं आहे.

हा १९९८ चा निकाल फार गाजला. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आला होता. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन सरकारच्या बाजूने मत दिल्याचा आरोप झाला. न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की पैसे घेऊन मत दिलं असेल, तर सभागृहातल्या मताला राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ चं संरक्षण आहे, खटला चालणार नाही. पैसे घेऊन मतच दिलं नाही त्याला मात्र संरक्षण नाही. म्हणजे लाच घेऊन शब्द पाळणारा सुटला आणि न पाळणारा अडकला. सामान्य माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं, तरी हा कायदा २५ वर्षांहून अधिक काळ टिकला. अखेर ४ मार्च २०२४ रोजी झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो रद्द केला. लाच स्वीकारली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत दिलं की नाही, भाषण केलं की नाही याला महत्त्व नाही, असं न्यायालय म्हणालं. आमदारांसाठीचा अनुच्छेद १९४ त्यात आलाच.

उद्योजक संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्यातला व्यवहार हा काही आजचा विषय नाही. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी, १९५१ मध्ये, हंगामी संसदेत एच. जी. मुदगल यांचं प्रकरण उभं राहिलं. मुंबईच्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, आर्थिक लाभ घेऊन त्यांनी संसदेत प्रश्न विचारले, वायदे व्यापाराच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्या, असा ठपका होता. चौकशी समिती नेमण्याचा ठराव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला. समितीने दोषी ठरवलं आणि हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असताना मुदगल यांनी राजीनामा दिला. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याविरुद्ध सत्ताधारी पक्षाच्या पंतप्रधानांनी हे केलं, हे आज मुद्दाम आठवावंसं वाटतं. पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं छुप्या कॅमेऱ्यात दिसल्यावर ११ खासदारांची हकालपट्टी झाली आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

या दोन्ही प्रकरणांत पैसा हातात आलेला दिसत होता. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीचा धुळे दौरा असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत एक कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड सापडली, तेव्हाही तसंच. आरोप झाले, ते नाकारले गेले, चौकशी लागली, राज्यभर बातमी झाली. रोकड सापडते, म्हणून बातमी होते. पाहुणचार खोलीत सापडत नाही.

काय झाडी, काय डोंगार

जून २०२२. शिवसेनेतल्या बंडानंतर आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले. तिथून आपल्या सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. माणदेशी बोलीचा तो गोडवा खरा होता आणि लोकांनी तो मनापासून उचलला.

त्याच वेळी खासगी विमानं आणि हॉटेलचा खर्च कोणी केला, हा प्रश्नही जाहीरपणे विचारला गेला. त्याच्या खऱ्याखोट्यात इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच की कोणत्याही पक्षाचे आमदार असे नेले जातात तेव्हा, मग ते गोव्याला असोत, जयपूरला असोत की बेंगळुरूला, त्या मुक्कामाची नोंद नंतर जाहीर करण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. खर्च स्वतः केला असेल तरी ते दाखवायला जागा नाही. प्रामाणिक आमदाराचंही यात नुकसान आहे, कारण त्याला आपली बाजू सिद्ध करायला कागदच नाही.

बाहेर कसं करतात

ब्रिटनमध्ये खासदाराला ३०० पौंडांच्या वरची भेट, पाहुणचार किंवा परदेश दौरा २८ दिवसांत रजिस्टरमध्ये नोंदवावा लागतो आणि ते रजिस्टर कोणालाही वाचता येतं. पद्धत साधी आहे : घ्या, पण लिहा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. विस्कॉन्सिनने १९५७ पासून लॉबिंग करणाऱ्याकडून, म्हणजे कोणाच्या तरी हितासाठी आमदारांचं मन वळवणाऱ्याकडून, आमदाराने काहीच घ्यायचं नाही असा कडक कायदा ठेवला आहे, कपभर कॉफीदेखील नाही. कॅलिफोर्नियात भेटींना मर्यादा आहे, २०२३-२४ साठी ती एका देणाऱ्यामागे वर्षाला ५९० डॉलर होती. पण तिथेही पळवाट निघाली. ना-नफा संस्थांनी आमदारांना परिषदांसाठी हवाईच्या समुद्रकिनारी नेणं चालू झालं, आणि त्या संस्थांना पैसे देणाऱ्यांत कंपन्या आणि संघटना होत्या. आमदाराच्या कागदावर संस्थेचं नाव यायचं, मूळ देणाऱ्याचं नाही. म्हणून २०१५ मध्ये कायदा करून, दौऱ्यांवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या अशा संस्थांनी मोठ्या देणगीदारांची नावं उघड करावीत असं ठरवलं. आपल्याकडे कधी नियम झालाच तर हा धडा आधीच घ्यायला हवा. नाहीतर कंपनीऐवजी एखादं ‘प्रतिष्ठान’ बिल भरेल आणि नोंद निर्मळ दिसेल.

कारखाना आमदाराचाच असेल तर?

इथे सोलापूरची, खरं तर पश्चिम महाराष्ट्राचीच, एक वेगळी गाठ आहे. बाहेरचा गट आमदाराला भेट देतो हे चित्र गृहीत धरून जगभरचे नियम लिहिले गेले. आपल्याकडे साखर कारखान्याचा चेअरमन, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, बँकेचा संचालक आणि आमदार ही अनेकदा एकच व्यक्ती असते. त्याला कोण काय भेट देणार? उसाचं बिल थकलं म्हणून शेतकरी ज्याच्या दारात जातो, तोच सभागृहात साखर धंद्यावर बोलतो.

संसदेत असाच प्रसंग २०१५ मध्ये आला. तंबाखूच्या पाकिटांवरच्या सचित्र इशाऱ्यांचा विचार करणाऱ्या संसदीय समितीत एक सदस्य स्वतः बिडीचे उद्योजक होते. त्यावर खूप टीका झाली. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापणं बंधनकारक झालं. लोकसभेत नियम ३७१ आहे, ज्याप्रमाणे सदस्याचा थेट आर्थिक संबंध असेल तर त्याच्या मतदानावर आक्षेप घेता येतो. पण आक्षेप घ्यायला आधी संबंध माहीत हवा.

म्हणून भेटी-दौऱ्यांचं रजिस्टर आणि हितसंबंधांचं रजिस्टर ही जोडीनेच मागायला हवी. एक मागून दुसरं सोडलं तर सोलापुरात त्याचा निम्माही उपयोग होणार नाही. यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. विधिमंडळाला स्वतःच्या सदस्यांसाठी नियम करता येतात. एका रकमेच्या वरची प्रत्येक भेट, पाहुणचार आणि दौरा महिन्याभरात नोंदवायचा, मूळ पैसे देणाऱ्याच्या नावासह, आणि ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ठेवायचं. हार, शाल, फेटा, चादर यांना सूट. आमदाराला दिवसातून दहा सत्कार असतात, तो काय काय लिहीत बसणार, अशी हरकत घेतली जाते. पण प्रचारात याच आमदाराचे लोक चहाचे कप मोजून लिहीतच होते.

तोपर्यंत हाती काय आहे

आपल्या आमदाराचं २०१९ चं आणि २०२४ चं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून शेजारी ठेवावं, दोन्ही वेळा उमेदवार असेल तर. संस्था, भागीदारी, कंत्राटं हे रकाने आधी वाचावेत. मग विधिमंडळाच्या कामकाजात त्याने त्या धंद्याविषयी काय विचारलं ते पाहावं. थेट लाचेची माहिती असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

आणि विधिमंडळाची एखादी समिती सोलापूर दौऱ्यावर येऊन गेली की महिन्याभराने जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशा तिन्ही ठिकाणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. सदस्यांचा मुक्काम कुठे होता, गाड्या कोणाच्या होत्या, जेवणाची बिलं किती झाली, कोणत्या लेखाशीर्षातून दिली, त्यांच्या प्रती द्याव्यात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. माहितीचा अधिकार दप्तरात आहे तेवढंच देतो, त्यामुळे ‘अशी बिलं या कार्यालयात उपलब्ध नाहीत’ असं उत्तर येऊ शकतं. तो कागद फेकू नये. मुक्काम झाला, गाड्या धावल्या, पंगती उठल्या आणि बिल सरकारी दप्तरात नाही, तर ते पैसे कोणी भरले हा प्रश्न तोच कागद हातात घेऊन समितीतल्या सदस्याला पुढच्या जनता दरबारात विचारता येतो.